जुन्या पिकअपचा एअर इनटेक: आधी उष्णता, मग प्रवाह

जुन्या पिकअपचे बॉनेट उघडले की हात बहुधा एअर फिल्टरच्या डब्याकडेच आधी जातो. तो वरच्या बाजूला असतो, चार क्लिपा सोडवल्या की हाती येतो, आणि त्याच्या जागी चकचकीत पाइप व शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवला की ॲक्सिलरेटर दाबताच इंजिनाचा आवाज भारदस्त होतो. आवाज वाढला म्हणजे ताकदही वाढली, हे मनाला पटायला फारसा वेळ लागत नाही. माझ्याकडची पिकअप चार लिटरच्या, सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची आहे. तिला इंधन इंजेक्शनने मिळते, थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटर दाबल्यावर उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) अलीकडे आत येणाऱ्या हवेचे वस्तुमान मोजणारा सेन्सर आहे आणि तिचे आयुष्य बहुतांशी ओझे वाहण्यात गेले आहे. तिच्या इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनापर्यंत हवा नेणाऱ्या मार्गात, आणि बॉनेटखाली काय बदलावे हे ठरवण्याआधी मी थोडा हिशेब मांडला, थोडे मोजमाप केले, आणि त्यातून माझे मत असे बनले की ओझ्याच्या गाडीला रुंद पाइपापेक्षा थंड हवेची गरज कितीतरी जास्त असते. रुंद पाइपाचा उपयोग होतो, पण तो अशा ठिकाणी होतो जिथे पिकअप क्वचितच पोहोचते.

हिशेब अगदी साधा आहे. चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या घनफळाइतकी हवा ओढते. चार लिटरचे इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर पूर्ण थ्रॉटलने चालत असेल आणि सिलिंडर ८० टक्के भरत असतील, तर त्याला मिनिटाला ६,४०० लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १०७ लिटर हवा लागते. ७५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपातून ही हवा सेकंदाला साधारण २४ मीटर वेगाने जाते. तीच हवा ५० मिलिमीटरच्या तोंडातून ओढायची झाली तर वेग ५४ मीटरच्या घरात जातो. अडथळ्यामुळे होणारी दाबाची घट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे व्यासातील या एवढ्याशा फरकाने घट जवळपास पाचपट होते. कंपनीने बसवलेल्या डब्याचे तोंड अनेकदा असे अरुंद असते, आणि त्यामागे अज्ञान नसते. अरुंद तोंडामुळे इंजिनाचा हवा ओढण्याचा आवाज दबतो, आणि त्या तोंडालगत जो पोकळ फुगवटा दिसतो तो ठरावीक आवाजाच्या लहरी जिरवण्यासाठी केलेला असतो. तो काढून टाकल्याने ताकद मिळत नाही, फक्त गोंगाट मिळतो. मी तो ठेवला आहे. लांबच्या प्रवासात कानांना त्याची किंमत कळते.

अडथळा नेमका कुठे आहे हे डोळ्यांनी ठरवता येत नाही, पण मोजता मात्र सहज येते. पारदर्शक प्लास्टिकची नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून लाकडी फळीवर बसवावी, तिच्यात रंगीत पाणी अर्धे भरावे, एक टोक हवेत मोकळे सोडावे आणि दुसरे टोक बारीक नळीने इनटेकच्या हव्या त्या ठिकाणी जोडावे. पूर्ण थ्रॉटलवर दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जो फरक पडतो तोच दाबातील घट. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब सुमारे १०.३ मीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो, त्यामुळे दहा सेंटीमीटर फरक म्हणजे जवळपास एक टक्का हवा कमी, असा हिशेब तोंडी करता येतो. नळीची उंची अपेक्षित फरकाच्या दुप्पट तरी ठेवावी, नाहीतर पाणी थेट इनटेकमध्ये ओढले जाईल; आणि गाडी चालवणाऱ्याने नळीकडे पाहू नये, आकडे वाचायला शेजारी दुसरा माणूस बसवावा.

माझ्या गाडीत थ्रॉटलच्या अगदी अलीकडे एकूण फरक ४३ सेंटीमीटरच्या आसपास दिसला. फिल्टरच्या आधी आणि नंतर वेगवेगळे मोजल्यावर कळले की फिल्टरच्या कागदाचा वाटा फक्त सातेक सेंटीमीटर आहे. उरलेल्यातला बहुतेक भाग डब्याच्या अरुंद तोंडाने खाल्ला होता आणि थोडा आतून वळ्या असलेल्या रबरी होजने. ज्या फिल्टरवर सगळा राग निघतो, तो या हिशेबात सगळ्यात निरपराध निघाला. याचा दुसरा अर्थ असा, की महागडा ‘जास्त हवा देणारा’ फिल्टर आणून बसवला असता तरी फार तर तीन-चार सेंटीमीटर वाचले असते, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्याही आत.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ही ४३ सेंटीमीटरची घट ४,००० फेऱ्यांवरची आहे. फेऱ्या निम्म्या झाल्या की हवेचा वेग निम्मा होतो आणि घट साधारण चौथ्या हिश्शावर येते. भरलेली पिकअप चढ चढताना दोन-अडीच हजार फेऱ्यांतच राबत असते. तिथे सगळा अडथळा काढून टाकला तरी हाती लागतो तो एखादा टक्का. थ्रॉटल अर्धवट उघडा असेल तर तेवढाही नाही, कारण त्या वेळी सर्वांत मोठा अडथळा थ्रॉटलची झडप हाच असतो आणि तो चालकाने स्वतःच्या पायाने निर्माण केलेला असतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांवर मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून चाचण्या केल्या, तेव्हा इंधनखपतीत लक्षणीय फरक आढळला नाही. गाडीचा वेग पकडण्याचा वेळ मात्र वाढला. इनटेक बदलून ॲव्हरेज वाढेल ही आशा त्यामुळे सोडूनच द्यावी.

तापमानाचे गणित वेगळे आहे, कारण ते फेऱ्यांवर अवलंबून नाही. २० अंश सेल्सिअसच्या हवेची घनता घनमीटरला सुमारे १.२० किलो असते. तीच हवा ६० अंशांची झाली की घनता १.०६ वर येते, म्हणजे बारा टक्के घट. ताकद मात्र पूर्ण बारा टक्क्यांनी उतरत नाही, कारण हवा सिलिंडरमध्ये शिरताना गरम धातूला लागून तशीही तापते. शक्तिमापनाच्या प्रचलित सूत्रांत तापमानासाठी वर्गमूळ धरतात, आणि त्या हिशेबाने इथे सहा टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. शिवाय तापलेल्या हवेमुळे ठोके पडण्याची, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण आपोआप भडकण्याची, शक्यता वाढते, म्हणून इंजिनाचा संगणक ठिणगी उशिरा देऊ लागतो आणि आणखी थोडी ताकद जाते. हा तोटा २,००० फेऱ्यांवरही होतो आणि ४,००० वरही. त्यातही बॉनेटखालची हवा सगळ्यात जास्त तापते ती गाडी हळू चालत असताना, पाठीवर ओझे असताना, चढावर. नेमकी जेव्हा पिकअपला ताकद हवी असते तेव्हाच.

म्हणून बॉनेटखाली उघडा शंकू-फिल्टर बसवणे हा मला सर्वांत वाईट बदल वाटतो. त्याने वीस-तीस सेंटीमीटर पाण्याइतका अडथळा वाचतो आणि त्या मोबदल्यात इंजिन रेडिएटरमधून व एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरून (इंजिनातला जळालेला वायू गोळा करणाऱ्या नळ्यांवरून) आलेली गरम हवा पिऊ लागते. वायरला जोडलेले टोक असलेला साधा डिजिटल थर्मामीटर घेऊन मी तीन ठिकाणची तापमाने पाहिली: ग्रिलच्या पुढे, डब्याच्या तोंडाशी आणि थ्रॉटलच्या अलीकडे. वेगात चालताना मूळ तोंडाशी हवा बाहेरच्यापेक्षा विसेक अंशांनी गरम होती, आणि गाडी थांबून आयडलिंगवर राहिली की आकडा त्याच्याही वर चढत राहायचा. डब्याचे तोंड हेडलाइटमागे रेडिएटरच्या चौकटीच्या आतल्या बाजूला उघडत होते. मुळात तिथे बाहेरची हवा आणणारी प्लास्टिकची नळी असणार, तिच्या खाचा पत्र्यावर अजून दिसतात. आधीच्या कुणीतरी ती काढली आणि परत बसवलीच नाही. जुन्या गाडीत असे फार घडते. नवीन काही करण्याआधी कंपनीने दिलेले काय काय गहाळ आहे याची यादी करावी. कित्येकदा अर्धे काम तेवढ्यातच होते.

मी मूळ डबा ठेवला. त्याचे अरुंद तोंड कापून तिथे ७५ मिलिमीटरचा प्लास्टिकचा पाइप बसवला आणि तो फेंडरच्या आतून ग्रिलच्या मागे, बाजूच्या कोपऱ्यात नेला. पाइपाच्या बाहेरच्या टोकाला तुतारीसारखी गोल कड दिली आहे. हवेत नुसताच पुढे आलेला धारदार कडेचा पाइप हवेच्या गतिज (वेगामुळे येणाऱ्या) दाबाच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास भाग प्रवेशालाच वाया घालवतो. कड नीट गोल असेल तर हा वाटा पाच टक्क्यांच्या आत येतो. वर सांगितलेल्या २४ मीटरच्या वेगाला हा फरक अडीच सेंटीमीटर पाण्याइतका होतो. अडीच सेंटीमीटर फार नाहीत हे खरे, पण ते एका गोल कडेने, कुठलाही तोटा न होता मिळतात, आणि महागड्या फिल्टरने जे मिळाले असते त्याच्या हे जवळपासच जाते.

पाइप पुढे आणला की वेगामुळे हवा आपोआप आत कोंबली जाईल, असेही अनेकांना वाटते. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरच्या हवेचा दाब जेमतेम ४६० पास्कल, म्हणजे पावणेपाच सेंटीमीटर पाण्याइतका असतो, तोही सगळाच्या सगळा पकडता आला तर. वातावरणाच्या दाबाचा तो अर्धा टक्काही नाही. ग्रिलमागे तोंड ठेवायचे ते थंड हवेसाठी. कोंबलेल्या हवेच्या आशेने तोंड खाली बंपरजवळ नेण्यात मात्र धोका आहे. पाणी दाबले जात नाही. पाणी साचलेल्या रस्त्यात इंजिनाने ग्लासभर पाणी ओढले तरी पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. तोंड हेडलाइटच्या उंचीखाली नको, चाकांच्या कमानीत नको, आणि पाइपाचा सर्वांत खालचा बिंदू जिथे येतो तिथे निचऱ्यासाठी बारीक भोक हवेच.

डबा आणि इंजिन यांच्यामध्ये पत्र्याची आडभिंत घालणे हे या सगळ्या कामातले मला सर्वांत आवडलेले काम. दीड मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा घेतला, पण पत्र्याला हात लावण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना कापला, कारण फेंडरचा आतला पत्रा कुठेही सरळ नसतो आणि मोजपट्टी तिथे काही कामाची नाही. पुठ्ठा जागेवर धरायचा, जिथे टेकतो तिथे खूण करायची, कापायचा, पुन्हा धरायचा. बॉनेट बंद झाल्यावर वर किती जागा उरते हे पाहण्यासाठी मुलांच्या खेळण्यातल्या चिकणमातीचे गोळे पुठ्ठ्याच्या कडेवर ठेवून बॉनेट हलकेच बंद केले. गोळे जिथे जेवढे चेपले तेवढी तिथली उंची. मग पत्र्याच्या खालच्या व मागच्या कडा वाकवून घेतल्या, त्यामुळे त्याला ताठपणा येतो आणि तो थरथरत नाही. भोकांच्या व कापांच्या कडा कानशीने मऊ केल्या, आणि वरच्या कडेवर बॉनेटला टेकेल अशी पोकळ रबरी बीडिंग बसवली. ही बीडिंग नसेल तर आडभिंतीचा निम्मा उपयोग जातो, कारण गरम हवा वरूनच पलीकडे उतरते. पत्रा डब्याला चिकटवलेला नाही. दोहोंत बोटभर मोकळी जागा आहे, कारण पत्रा तापतो आणि टेकला असता तर त्याने उष्णता सरळ डब्याला दिली असती. एवढे झाल्यावर चालत्या गाडीत थ्रॉटलजवळची हवा बाहेरच्यापेक्षा पाच-सहा अंशांनीच गरम राहू लागली आणि पाण्याच्या नळीतला फरक पंधरा-सोळा सेंटीमीटरवर आला. आयडलिंगला तापमान अजूनही चढते, पण गाडी हलली की लवकर उतरते.

पाइप धातूचा असावा की प्लास्टिकचा, यावर उत्साहाने वाद घातले जातात. पूर्ण थ्रॉटलवर हवा मीटरभर पाइप सेकंदाच्या चार-शतांश भागात पार करते. एवढ्या वेळात ती पाइपाच्या भिंतीपासून फारशी उष्णता घेऊ शकत नाही. फरक पडतो तो आयडलिंगला आणि थांबून पुन्हा निघताना, आणि तिथे प्लास्टिक बरे. थ्रॉटल बॉडीतून जाणारे कूलंटचे गरम पाणी तोडून टाकण्याचा जो सल्ला दिला जातो, त्यातही याच कारणाने फारसे काही हाती लागत नाही. उलट थंड व दमट हवेत झडपेवर बर्फ धरू नये म्हणून ती योजना केलेली असते. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांत तर हे अधिकच खरे आहे. पेट्रोल उडून जाताना कार्बुरेटरचा गळा इतका थंड होतो की बाहेर १० अंश असतानाही आत बर्फ जमू शकतो, म्हणून एअर क्लीनरच्या नाकाडात एक्झॉस्टवरची गरम हवा घेणारी झडप बसवलेली असे. थंड प्रदेशात चालणाऱ्या गाडीची ती झडप काढू नये.

आता सेन्सरविषयी. हवेचे वस्तुमान मोजणाऱ्या सेन्सरमध्ये तापवलेली तार असते. तिच्यावरून जाणारी हवा तिला जितकी थंड करते त्यावरून संगणक हवा किती आली हे ठरवतो. हे गणित त्या ठिकाणच्या ठरावीक व्यासाच्या नळीसाठी बांधलेले असते. सेन्सर काढून मोठ्या व्यासाच्या पाइपात बसवला तर तारेवरून त्याच हवेचा कमी वेग जातो, संगणक हवा कमी समजतो, इंधन कमी देतो आणि मिश्रण पातळ होते. म्हणून सेन्सरची मूळ नळी, तिच्या तोंडावरची जाळी आणि तिच्या अलीकडचा थोडा सरळ भाग यांना मी हात लावला नाही. सेन्सरच्या पुढे, थ्रॉटलपर्यंत, कुठेही बाहेरची हवा शिरता कामा नये, कारण ती न मोजलेली हवा असते. जुन्या रबरी होजच्या वळ्यांत बारीक चिरा असतात; होज हातात घेऊन वाकवल्याशिवाय त्या दिसत नाहीत. इंजिन आपल्या रबरी माउंटवर हलते आणि डबा बॉडीला जोडलेला असतो, त्यामुळे दोहोंमध्ये लवचीक तुकडा असायलाच हवा. सगळा पाइप ताठ धातूचा केला तर काही दिवसांत कुठेतरी जोड सुटतो. पाइपाच्या टोकांना उंचवट्याची कड असावी आणि क्लिप त्या कडेच्या मागे आवळावी.

टॅपेट कव्हरवरून (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावरून) येणारी क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीच्या, वायुवीजनाची नळी याच भागात जोडलेली असते, आणि बदल करताना तिचाच सर्वांत जास्त बळी जातो. ती काढून कव्हरवर छोटा गोल फिल्टर बसवला की दिसायला सुटसुटीत वाटते. मात्र ती नळी क्रँककेसला गाळलेली आणि मोजलेली हवा पुरवत असते. छोट्या फिल्टरमधून आलेली हवा मोजलेली नसते आणि वरून तेलाचा धूर बॉनेटखाली पसरतो. ती नळी फिल्टर आणि सेन्सर या दोन्हींच्या पुढेच जोडलेली राहावी. आणखी एक, रंगीत सिलिकॉनच्या नळ्या कूलंटसाठी व निर्वात नळ्यांसाठी उत्तम, पण साधे सिलिकॉन पेट्रोल व तेलाच्या वाफेपुढे टिकत नाही. त्या ठिकाणी तेलाला टिकणारे रबरच वापरावे.

फिल्टरच्या बाबतीत मी जुन्या मताचा आहे. पिकअप कच्च्या रस्त्याने जाते, आणि त्या धुळीतले वाळूचे कण पिस्टन रिंगा व सिलिंडरच्या भिंती घासतात. चांगला कागदी फिल्टर ९९ टक्क्यांहून अधिक धूळ अडवतो, आणि त्यावर धुळीचा पातळ थर बसल्यावर तो अधिकच बारीक गाळू लागतो. म्हणून तो सारखा काढून झटकू नये, आणि जोराच्या हवेने तर मुळीच फुंकू नये. कागदाला न दिसणारी चीर पडली की त्याचा उपयोग संपला. तेल लावलेला सुती जाळीचा फिल्टर अडथळा थोडा कमी करतो, पण धूळही थोडी अधिक सोडतो, आणि तेल जास्त झाले तर ते सेन्सरच्या तारेवर जाऊन बसते. फिल्टरइतकीच त्याची बैठक महत्त्वाची असते. फिल्टरच्या पुढच्या, स्वच्छ बाजूच्या पाइपात आतून ग्रीसचा पातळ हात फिरवून ठेवावा आणि काही दिवसांनी बोटाने तपासावे. ग्रीसमध्ये खरखर लागली तर धूळ कडेने शिरते आहे, मग फिल्टर कितीही भारी असो.

बॉनेटखालच्या उष्णतेचा उगम दोन ठिकाणी आहे: रेडिएटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. रेडिएटरच्या बाबतीत जुन्या गाडीत हमखास दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे कडांच्या फोमच्या पट्ट्या. रेडिएटर आणि त्याची चौकट यांच्यातील फटी त्या बुजवतात. त्या झडून गेल्या की गाडी उभी असताना पंख्याने मागे टाकलेली गरम हवा कडेने वळून पुन्हा पुढे येते आणि रेडिएटरमधून पुन्हा फिरते. नव्या पट्ट्या बसवणे आणि फॅनचे श्राउड (पंख्याभोवतीचे आवरण) धड असल्याची खात्री करणे, याने इंजिन तर थंड राहतेच, पण ग्रिलमागे ठेवलेले इनटेकचे तोंडही उभ्या गाडीत गरम हवा ओढत नाही. गाडी दुरुस्त करताना अडचण होते म्हणून श्राउड काढून ठेवलेल्या कितीतरी गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांचे मालक त्यानंतर थर्मोस्टॅटला दोष देत बसतात.

मॅनिफोल्डवर कापडी पट्टी गुंडाळण्याचा मोह मी टाळला. ती उष्णता आत ठेवते हे खरे, पण ओलावाही धरून ठेवते. साधे पोलाद तिच्याखाली गंजते आणि बिडाच्या जुन्या मॅनिफोल्डला तडे जाण्याची भीती वाढते. त्याऐवजी मूळचे पत्र्याचे कवच शोधून परत बसवले, त्याचे तुटलेले कान वेल्डिंग करून घेतले आणि बोल्टांखाली मोठे वायसर घातले, म्हणजे खडखडाट होत नाही. मॅनिफोल्डजवळून जाणाऱ्या इंधनाच्या नळीवर व वायरिंगवर उष्णतारोधक बाही चढवली. बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वायसर घालून बॉनेट उचलण्याची युक्तीही अनेक जण करतात. पण चालत्या गाडीत विंडशील्डच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढलेला असतो, त्यामुळे गरम हवा तिथून बाहेर पडण्याऐवजी बाहेरचीच हवा आत येते, आणि गाडी उभी असताना इंजिनाचा वास केबिनमध्ये शिरतो. गरम हवेला जाण्याची खरी वाट खाली आणि चाकांच्या कमानींतून असते. तिथल्या रबरी पडद्यांना जेवढे सोडायचे तेवढेच कंपनीने सोडलेले असते. ते फाटले असतील तर नवे बसवावेत, कारण फाटलेल्या जागेतून चिखल आत येतो.

वायरिंगमध्ये मी फक्त अर्थच्या पट्ट्या बदलल्या. बॅटरी ते इंजिन आणि इंजिन ते बॉडी या दोन पट्ट्या वरून ठीक दिसतात आणि आतून हिरव्या झालेल्या असतात. स्टार्टर फिरत असताना बॅटरीची ऋण खुंटी आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यात मीटर लावून पाहावा, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर पट्टी किंवा तिचा जोड खराब समजावा. सेन्सरचे आकडे याच अर्थवर उभे असतात, त्यामुळे इनटेकच्या नावाने होणाऱ्या कित्येक तक्रारी इथे सुटतात. इंजिन धुणेही या कामाचाच भाग आहे, मात्र थंड इंजिनावर, अल्टरनेटर व वायरिंगचे जोड झाकून, आणि जोराचा फवारा टाळून. स्वच्छ इंजिनावर तेल कुठून झिरपते ते दुसऱ्याच दिवशी दिसते, आणि टॅपेट कव्हरचे गळके पॅकिंग नव्या रंगाआधी बदलता येते.

जुन्या टर्बो डिझेल पिकअपमध्ये हिशेब थोडा बदलतो. तिथे थ्रॉटलचा अडथळा नसतो आणि टर्बोच्या आधी झालेली दाबाची घट पुढे गुणली जाते. टर्बो हवा दुप्पट दाबत असेल तर अलीकडची घट पलीकडे दुप्पट होऊन दिसते. त्यामुळे अशा गाडीत तुंबलेला फिल्टर काळ्या धुराने स्वतःहून चाहूल देतो. पण टर्बोचे पाते अतिशय वेगाने फिरत असल्याने सुटलेली एखादी क्लिप किंवा पाइपात राहिलेला कापलेला तुकडा त्याचे कायमचे नुकसान करू शकतो. कापकाम झाल्यावर पाइप आतून ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय जोडू नये.

सगळे बसवून झाल्यावर स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम पाहावी. ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे संगणक इंधनात जी घट-वाढ करतो ती अधिक-उणे पाच टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नाही. आयडलिंगला ती बरीच वर असेल आणि रेस केल्यावर सामान्य होत असेल, तर सेन्सरच्या पुढे कुठेतरी हवा शिरते आहे. आयडलिंगला ठीक असून ओझ्याखाली वर जात असेल, तर सेन्सरची तार मळलेली असण्याची किंवा इंधनाचा पुरवठा कमी पडत असण्याची शक्यता अधिक. तार त्यासाठी मिळणाऱ्या खास स्प्रेनेच साफ करावी, बोट किंवा कापूस लावू नये. कार्बुरेटरच्या गाडीत ही सोय नसते, तिथे स्पार्क प्लगचा रंग पाहून गरज भासल्यास मेन जेट (पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) एक पायरी मोठा करावा लागतो. शेवटी, इंजिन काही वेळा तापून थंड झाल्यावर सगळ्या क्लिपा पुन्हा एकदा आवळाव्यात, कारण नवे रबर पहिल्या काही दिवसांत हमखास दबते.